माणूस जातो त्याच सुमारास तो दूरच्या आप्ताला दिसतो, हे खरं असतं का?

दिसतं, हे खरं. पण त्यावरून आत्मा भेटायला आला असं सिद्ध होत नाही. अशा गूढ अनुभवांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने १८९४ साली १७,००० लोकांच्या उत्तरांचा अहवाल काढला. जागेपणी, समोर कुणी नसताना माणूस दिसल्याचा, आवाज किंवा स्पर्श जाणवल्याचा अनुभव दहातल्या साधारण एकाने सांगितला. मृत्यूच्या आगेमागे बारा तासांत दिसलेले प्रसंग निव्वळ योगायोगापेक्षा जास्त आहेत, असा त्यांचा निष्कर्ष.

या निष्कर्षात मला खटकते ती लोकांची आठवण. दारात उभी आई, खांद्यावर शाल, हे पक्कं लक्षात राहतं. वार-वेळ मात्र बातमी कळल्यावर नकळत सरकते. तुम्हाला कुणी दिसलं असेल तर घाबरू नका, हे धडधाकट माणसांनाही होतं.