संगणक शंका-समाधान : टास्कबार, मराठी घड्याळ आणि हलते वॉलपेपर

प्रश्न : मी डीटीपीचे काम करतो. विंडोज १० वर टास्कबार डाव्या कडेला उभा ठेवायची सवय होती, म्हणजे ए-४ पान उंचीत जास्त दिसते. विंडोज ११ वर तो कडेला जातच नाही. व्हिडिओत पाहून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) बदल केले, तरी काही झाले नाही.
– डीटीपी व्यावसायिक, मुलुंड

उत्तर : व्हिडिओ खोटे नव्हते, जुने झाले आहेत. २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने टास्कबार नव्याने लिहिला आणि कडेला नेण्याची सोय त्यात ठेवलीच नाही. सुरुवातीच्या आवृत्तीत तो रजिस्ट्रीतल्या काही नोंदींना थोडीफार दाद द्यायचा. २२एच२ या २०२२ च्या आवृत्तीपासून तेही थांबले. तेव्हा केलेले बदल पूर्ववत करून टाका. आधी विंडोज अपडेट करा आणि सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार इथे जागा बदलण्याचा पर्याय दिसतो का ते पाहा. तो दिसत असेल तर बाहेरचे काहीही घालायची गरज नाही.

नसेल तर जागेचा हिशेब करा. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल उंच होता आणि छोटे आयकॉन निवडले की ३०. विंडोज ११ चा ४८ आहे, आणि डिस्प्ले स्केल १२५ टक्के असेल तर तो ६० होतो. पडदा १३६६ × ७६८ चा असेल तर हे फारच झाले. सगळ्यात निर्धोक उपाय म्हणजे ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये आपोआप लपण्याच्या पर्यायावर खूण करणे. त्याचा एक जाच आहे : कोरलड्रॉच्या तळाच्या पट्टीकडे माउस नेला की टास्कबार उसळून वर येतो.

तो जाच नको असेल तर विंडहॉक हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात छोटे छोटे ‘मॉड’ एकेक करून घालता येतात. टास्कबारची उंची आणि आयकॉनचा आकार बदलणारा एक आहे, टास्कबार उभा करणारा दुसरा. आमचा कल पहिल्याकडे. आयकॉन २४ वरून १६ वर आणा आणि उंची ४८ वरून ३४ वर. १८ किंवा २० ठेवू नका. बऱ्याच प्रोग्रॅमांचे आयकॉन १६ आणि ३२ अशाच मापात काढलेले असतात, मधल्या मापाला ते धुरकट दिसतात. उभ्या टास्कबारचा मॉडही चालतो, पण तो विंडोजच्या कितीतरी जास्त भागांना हात घालतो. साहजिकच अपडेटनंतर तो मोडण्याची शक्यताही तितकीच जास्त.

प्रश्न : रेनमीटरमध्ये (डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान दाखवणारा प्रोग्रॅम) एक घड्याळाची स्किन, म्हणजे तयार नमुना, घेतली आणि त्यात ‘आज’, ‘वार’ असे मराठी शब्द टाकले. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे येतात. मैत्रिणीच्या संगणकावर त्याच जागी विचित्र रोमन अक्षरे येतात. फॉन्ट बदलून पाहिला.
– विद्यार्थिनी, दादर

उत्तर : फॉन्टचा यात काही दोष नाही. फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे नोंदवण्याच्या कोणत्या पद्धतीत साठवली, त्यावर सगळे अवलंबून आहे. रेनमीटरच्या स्किन म्हणजे साध्या मजकुराच्या आयएनआय फाइली, आणि त्यांत देवनागरी असेल तर त्या यूटीएफ-१६ एलई मध्येच साठवाव्या लागतात. तुमची फाइल एएनएसआय मध्ये गेली. त्यात देवनागरीला जागाच नसते, म्हणून अक्षरांची प्रश्नचिन्हे झाली. ती अक्षरे आता परत येणार नाहीत, पुन्हा टाइप करावी लागतील. मैत्रिणीची फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे. तिचा मजकूर शाबूत आहे, फक्त रेनमीटर तो चुकीचा वाचतो. नोटपॅडमध्ये फाइल उघडा, ‘सेव्ह ॲज’ करा, खालच्या ‘एन्कोडिंग’ यादीतून यूटीएफ-१६ एलई निवडा आणि त्याच नावाने साठवा. मग स्किनवर उजवी टिचकी देऊन रिफ्रेश. स्किन ‘रिसोर्सेस’ फोल्डरातून वेगळी व्हेरिएबल्सची फाइल ओढत असेल आणि मराठी शब्द तिच्यात असतील, तर ती फाइलही याच पद्धतीने साठवा. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

वार आणि महिने हाताने लिहायची गरज नाही. स्किनच्या फाइलमधल्या वेळ मोजणाऱ्या ‘मेझर’ या भागात ‘फॉरमॅटलोकेल’ ही ओळ घाला आणि पुढे मराठीचा कोड, एमआर-आयएन, द्या (हे सगळे अर्थात रोमन लिपीत). ‘सोमवार’, ‘जानेवारी’ आपोआप येतील. आकडे मात्र इंग्रजीच राहतात. त्यासाठी त्याच मेझरमध्ये ‘सब्स्टिट्यूट’ची ओळ लिहून शून्य ते नऊ अशा दहा जोड्या द्या : डावीकडे इंग्रजी आकडा, उजवीकडे मराठी, प्रत्येक दुहेरी अवतरणात, मध्ये कोलन (:), दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम. तिथी मात्र या वाटेने मिळणार नाही, ती विंडोजला ठाऊक नाही.

आता फॉन्ट. ‘निर्मला यूआय’ विंडोजसोबतच येतो, तो नाव घालून निवडा. इंग्रजीसाठी बेतलेल्या स्किनमध्ये ओळीची उंची ठरवून दिलेली असते, त्यामुळे वेलांटी वरून आणि उकार खालून कापला जातो. ती उंची साधारण दीडपट करा. काही स्किनमध्ये अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. इंग्रजीत ते ऐटबाज दिसते, पण आपली शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी तुटते. ती ओळ सरळ काढून टाका. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इथे चिकटवू नका. तो युनिकोड नसतो.

त्याच स्किनमध्ये मुंबईचे हवामान दिसत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. जुन्या स्किन ज्या सेवांवर विसंबून होत्या, त्यांतल्या काही बंद झाल्या. याहूची खुली हवामान सेवा २०१९ मध्ये थांबली. स्किनचे शेवटचे अपडेट त्याआधीचे असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, नवी घ्या. नव्या स्किनमध्ये ‘अपडेटरेट’ पाहा. स्किन सेकंदाला एकदा ताजी होत असेल तर ६०० म्हणजे दहा मिनिटे, १८०० म्हणजे अर्धा तास. काहीजण हा आकडा १ करतात. मग दर सेकंदाला विचारणा जाते आणि समोरची सेवा तुमची दारे बंद करते. पावसाळ्यातसुद्धा अर्धा तास पुरे.

प्रश्न : मंगळवारी रात्री विंडोज अपडेट झाले आणि तेव्हापासून टास्कबार येतो-जातो, येतो-जातो. पडदा लुकलुकत राहतो. स्टार्ट मेनू जुना दिसावा म्हणून एक्सप्लोररपॅचर घातला होता.
– वाचक, बोरिवली

उत्तर : कारण तुम्हीच लिहिले आहे. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट अमेरिकेतल्या वेळेनुसार दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. आधीच्या उत्तरातला रेनमीटर स्वतःच्या वेगळ्या खिडक्या काढतो. तो कोसळला तर फक्त घड्याळ जाते. एक्सप्लोररपॅचर थेट विंडोज एक्सप्लोररच्या पोटात शिरतो, आणि टास्कबार व डेस्कटॉप तोच एक्सप्लोरर चालवतो. अपडेटने आतली रचना बदलली की एक्सप्लोरर कोसळतो, विंडोज त्याला पुन्हा उठवते, तो पुन्हा कोसळतो. तुम्हाला दिसणारी लुकलुक हीच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. ‘रन न्यू टास्क’वर जा आणि ‘ब्राउझ’ने प्रोग्रॅम फाइल्समधल्या एक्सप्लोररपॅचर फोल्डरातली ‘ईपी-सेटअप’ फाइल निवडा (मूळ नावात जोडरेघेच्या जागी अधोरेखा आहे). ओळीच्या शेवटी एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘अनइन्स्टॉल’ हा शब्द रोमन लिपीत लिहा. प्रशासकाच्या अधिकारांची खूण करून ओके. तरीही लुकलुक थांबली नाही, तर विंडोज फोल्डरात ‘डीएक्सजीआय’ नावाची डीएलएल राहिली आहे का पाहा. ती एक्सप्लोररपॅचरने ठेवलेली असते, ती काढायची. याच नावाची फाइल सिस्टम३२ मध्येही असते. तिला हात लावू नका, ती विंडोजची स्वतःची आहे.

टास्क मॅनेजरही टिकत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि ४ दाबून सेफ मोड (यात विंडोज मोजक्या गोष्टींसह चालू होते). तिथे वरचीच कृती करा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असलेला लॅपटॉप इथे रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा.

फक्त जुना स्टार्ट मेनू हवा असेल तर ओपन-शेल पुरेसा आहे. क्लासिक शेलचे काम मूळ लेखकाने २०१७ च्या डिसेंबरात थांबवले, त्याचाच हा पुढचा अवतार. जुन्या नावाने कुठे डाउनलोड मिळाले तर घेऊ नका.

प्रश्न : लाइव्ह वॉलपेपर लावल्यापासून लॅपटॉपचा पंखा थांबत नाही.
– वाचक, घाटकोपर

उत्तर : मे महिन्यात मुंबईतल्या बिनएसीच्या खोलीत पंखा तसाही थांबणे कठीण, पण वॉलपेपरचा वाटा कमी करता येतो. १०८० रेषांच्या पडद्यावर ४के चित्रफीत लावू नका. जास्तीचे पिक्सेल उलगडायचे आणि फेकून द्यायचे, एवढेच होते. १०८० ची, सेकंदाला ३० चौकटींची फीत घ्या. वेबपानासारखे वॉलपेपर टाळा. त्यांच्यामागे एक अख्खा ब्राउझर चालतो. लाइव्हली आणि वॉलपेपर इंजिन या हलत्या वॉलपेपरच्या दोन्ही प्रोग्रॅमांत कामगिरीच्या सेटिंगमध्ये, दुसरा प्रोग्रॅम पूर्ण पडदाभर असताना आणि बॅटरीवर असताना ‘पॉज’ निवडा. पहिला मोफत आहे, दुसरा विकत.

प्रश्न : वर्गात प्रोजेक्टर जोडला की डेस्कटॉपवरचे आयकॉन विस्कटतात.
– शिक्षिका, परळ

उत्तर : प्रोजेक्टरचे रेझोल्यूशन वेगळे असते, त्यामुळे विंडोज आयकॉन नव्याने मांडते. डेस्कटॉपओके हा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या, मांडणी एकदा साठवा, वर्ग संपला की ‘रिस्टोअर’ करा. डेस्कटॉपवर उजवी टिचकी देऊन ‘ऑटो अरेंज’ बंद आहे ना तेही पाहा. ते चालू असेल तर साठवलेली मांडणी टिकत नाही.

प्रश्न : पर्सनलायझेशनमधले सगळे पर्याय पुसट झालेत.
– वाचक, लालबाग

उत्तर : विंडोज ॲक्टिव्हेट झालेली नाही. पीसी जुळवून घेतला असेल तर विक्रेत्याकडे लायसन्सची पावती मागा. ही कुलपे तोडणारे ‘ट्वीकर’ वापरू नका.

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुना ४ जीबीचा पीसी ११ घेत नाही. लिनक्स घालून वडिलांना सवयीचा डेस्कटॉप देता येईल का?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : येईल. ४ जीबीसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या. पॅनेल मुळातच खाली असते, मेनू डाव्या कोपऱ्यात. पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये ते उभेही करता येते, मुलुंडच्या वाचकांना हेवा वाटेल इतक्या सहज.

केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप जास्त देखणा आहे, पण तिथल्या दुकानातल्या ‘ग्लोबल थीम’ जपून घ्या. मार्च २०२४ मध्ये अशा एका थीमने एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या होत्या, कारण थीमसोबत चालणारा कोडही येतो. वॉलपेपरच्या साध्या चित्रात किंवा रंगसंगतीत तो धोका नाही. एक्सएफसीईत मांडणी मनासारखी जमली की ‘पॅनेल प्रोफाइल्स’ने ती फाइल म्हणून साठवा. वडिलांच्या हातून पॅनेल हरवले तर दोन टिचक्यांत परत येईल.