हँडहेल्ड गेमिंग कॉम्प्युटर मोबाइलसारखे पातळ का करत नाहीत?

आपण विचारले आहे की आजचा मोबाइल आठ मिलिमीटर जाडीत एवढे काम करतो, मग हातात धरून खेळायचे गेमिंग कॉम्प्युटर अजूनही इतके जाडजूड का, त्यांना कीबोर्ड का नसतो, आणि निवड करताना आकाराबाबत नेमके काय पाहावे. मी अशी यंत्रे उघडून दुरुस्त करतो आणि त्यांवर खेळतोही. त्यावरून बनलेले माझे मत आधीच सांगतो: या यंत्रांत जाडी हा दोष नाही. रचनाकाराला कुठेतरी किंमत मोजावीच लागते, आणि वजन, रुंदी, आवाज किंवा बॅटरीचा वेळ यांपैकी काहीही देण्यापेक्षा जाडी देणे सर्वांत स्वस्त पडते.

सुरुवात उष्णतेपासून करावी लागते, कारण बाकीचे सगळे तिच्यामागून येते. बहुतेक मोबाइलमध्ये पंखा नसतो. त्याची उष्णता काचेतून आणि पाठीतून हवेत जाते, आणि हाताला चटका बसू न देता अशी सतत बाहेर टाकता येणारी उष्णता जेमतेम चार-पाच वॅट असते. म्हणून जड गेम मोबाइलवर काही मिनिटे झकास चालतो आणि मग मंदावतो. 2022 साली आलेल्या स्टीम डेक या हँडहेल्ड गेमिंग कॉम्प्युटरमधली चिप एकटीच 15 वॅटपर्यंत वीज घेते, आणि स्क्रीन, मेमरी वगैरे धरून संपूर्ण यंत्र पूर्ण भाराखाली 25 वॅटच्या आसपास जाते. एवढी उष्णता बाहेर काढायला पंखा हवा, तांब्याची उष्णतानळी हवी आणि हवेला आत येऊन बाहेर पडायला मोकळी वाट हवी. पंखा पातळ केला तर तेवढीच हवा ढकलण्यासाठी तो जास्त वेगाने फिरवावा लागतो, आणि त्याचा बारीक, तीक्ष्ण आवाज खेळणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर सतत चालू राहतो. तीन-चार मिलिमीटरची जाडी डोळ्यांना खुपत नाही, तो आवाज मात्र तासभरात नकोसा होतो.

बॅटरीचा हिशोबही याच वॅटमधून निघतो. स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीत 40 वॅट-तासांची बॅटरी होती. 25 वॅटने ती दीड तासाच्या थोडे पुढे जाते, त्याहून जास्त नाही. लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे साधारण 200 ते 250 वॅट-तास बसतात, म्हणजे वेळ दुप्पट करायचा तर पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम आणखी उचलायची तयारी हवी. या पेचाचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण म्हणजे आसुसचा आरओजी अॅलाय आणि पुढच्या वर्षी, 2024 साली आलेला अॅलाय एक्स. बॅटरी 40 वरून 80 वॅट-तासांवर गेली. लांबी 280 आणि उंची 111 मिलिमीटर, दोन्ही जशीच्या तशी राहिली, वजन 608 ग्रॅमवरून 678 ग्रॅमवर गेले, आणि वाढली ती जाडी, तीही चार-साडेचार मिलिमीटरच. बॅटरी दुप्पट होऊनही वजन सत्तरच ग्रॅमने वाढले, यावरून आत इतरत्र बरेच वजन कापले गेले असणार हे उघड आहे. पण जागा आली ती जाडीतूनच, आणि माझ्या मते हा सौदा पूर्णपणे योग्य होता. (विमानात सहज नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा 100 वॅट-तासांची आहे, त्यामुळे या दिशेने फार पुढे जायला वावही उरलेला नाही.)

हा झगडा जुनाच आहे. 1989 सालच्या गेम बॉयने चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चालता यावे म्हणून रंगीत पडदा आणि त्यामागचा दिवा दोन्ही सोडून दिले. 1990 सालच्या गेम गिअरने दोन्ही घेतले, आणि सहा सेल घालूनही तो तीन ते पाच तासच चालत असे.

आता हाताकडे येऊ, कारण जाडीची खरी गरज हातालाच असते आणि बहुतेक खरेदीदार नेमके हेच विसरतात. सपाट, पातळ वस्तू दोन्ही टोकांना धरली की बोटांची चिमूट होते. सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीवर येतो, आणि ज्या अंगठ्याने जॉयस्टिक फिरवायची तोच यंत्र सावरण्यात गुंततो. पाठीमागे भरीव मूठ असेल तर मधले बोट, अनामिका आणि करंगळी तिच्याभोवती वळतात, वजन तळहातावर टेकते, आणि अंगठा व तर्जनी खेळायला मोकळी राहतात. स्टीम डेकची जाडी 49 मिलिमीटर सांगितली जाते ती या मुठींपाशी मोजलेली आहे, मधला भाग त्याहून बराच सडपातळ आहे. त्यामुळे कागदावरचा जाडीचा आकडा पाहून यंत्र बाद करू नये.

ट्रिगरचेही, म्हणजे वरच्या कडेला तर्जनीने दाबायच्या कळींचेही, तसेच आहे. शर्यतीच्या गेममध्ये गाडीचा वेग हळूहळू वाढवायचा असेल तर ट्रिगर काही मिलिमीटर आत दबला पाहिजे आणि तो किती दबला हे यंत्राला कळले पाहिजे. त्याच्या बिजागरीला, स्प्रिंगला आणि या हालचालीला खोली लागते. 2017 सालच्या निन्टेन्डो स्विचची जाडी सुमारे 14 मिलिमीटर आणि वजन जॉय-कॉनसह (दोन्ही बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरसह) 400 ग्रॅमच्या आतबाहेर आहे. ते सुरेख सडपातळ आहे, पण त्याचे ट्रिगर नुसती बटणे आहेत: दाबलेले किंवा न दाबलेले, मधले काही नाही.

रुंदीबाबत मी जाडीइतका उदार नाही. प्रत्येक नवे नियंत्रण जागा मागते. स्टीम डेकमध्ये दोन ट्रॅकपॅड आहेत, कारण माऊससाठी लिहिलेले गेम जॉयस्टिकने नीट खेळता येत नाहीत. ते बसवताना यंत्र 298 मिलिमीटर लांब झाले. ज्याला असे गेम खेळायचे आहेत त्याला हे परवडते, बाकीच्यांना नाही. लेनोवोच्या लिजन गोने 8.8 इंची स्क्रीन आणि सुटे होणारे कंट्रोलर दिले, पण प्रत्येक कंट्रोलरमध्ये वेगळी बॅटरी आली, जोडणीचे सांधे आले, आणि एकूण वजन 854 ग्रॅमवर पोहोचले. टेबलावर उभे करून खेळणाऱ्याला ते छान आहे, पण पलंगावर आडवे पडून खेळणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. शिवाय त्याच्या स्क्रीनवर स्टीम डेकच्या बरोबर चौपट पिक्सेल आहेत, आणि ते सगळे भरायचे म्हटले तर चिपचा दम निघतो.

वजनाच्या आकड्याइतकाच त्याचा तोलही महत्त्वाचा असतो. शक्य असेल तर यंत्र हातात घ्या, मुठी सैल सोडा आणि ते पाठीमागून फक्त दोन्ही मधल्या बोटांवर तोलून पाहा. ते पुढे किंवा मागे कलंडू लागले तर खेळताना तो कल दर क्षणी तुमच्या मनगटाला सावरावा लागणार आहे. बॅटरी दोन्ही मुठींच्या मधोमध आणि बोटांच्या रेषेजवळ असेल तर साडेसहाशे ग्रॅमचे यंत्रही हलके वाटते. त्याच वेळी बोटे जिथे येतात तिथे हवेच्या जाळ्या तर नाहीत ना, हेही पाहा. स्टीम डेक आणि अॅलाय दोन्ही पाठीतून हवा घेतात आणि वरच्या कडेतून सोडतात, त्यामुळे हात किंवा मांडी वाटेत येत नाही.

एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. जॉयस्टिक हा या यंत्रात सर्वांत आधी झिजणारा भाग आहे. ती मुख्य बोर्डावर थेट डाख देऊन बसवली की जागा वाचते, पण झिजली की बदलणे अवघड होते. स्टीम डेकमध्ये ती स्वतंत्र छोट्या तुकड्यावर, मोजक्या स्क्रूंनी बसवलेली आहे. अशा तुकड्याला स्वतःचा बोर्ड, स्वतःची केबल आणि स्क्रूंचे खांब लागतात, म्हणजे पुन्हा जाडीच. ती मी आनंदाने देईन.

राहिला कीबोर्ड. तो देणारी यंत्रे आहेत: 2010 मध्ये आलेला पॅन्डोरा आणि 2016 चा जीपीडी विन ही दोन्ही वहीसारखी मिटणारी होती. मिटल्यावर स्क्रीन सुरक्षित राहते आणि खिशात टाकता येते, हा मोठा गुण आहे. पण उघडल्यावर नियंत्रणे स्क्रीनच्या शेजारी न राहता खाली जातात, खालच्या अर्ध्या भागात बोर्ड, बॅटरी, पंखा, कीबोर्ड आणि जॉयस्टिक सगळेच कोंबावे लागते, आणि भरीव मुठींना जागा उरत नाही. जॉयस्टिकही बुटकी घ्यावी लागते, नाहीतर झाकण मिटणार नाही. जीपीडीने पुढे 2021 च्या विन 3 मध्ये स्क्रीन वर सरकवून खाली कीबोर्ड दिला. त्यात नियंत्रणे पुन्हा स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना आली, पण सरकत्या यंत्रणेने तेवढीच जाडी घेतली. आपल्याला प्रवासात खरोखर मजकूर लिहायचा असेल, टर्मिनलवर (आज्ञा टाइप करून) काम करायचे असेल, तर मिटणारे यंत्र घ्या. केवळ गेममध्ये नाव टाकायला आणि पासवर्ड भरायला कीबोर्ड हवा असेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड पुरतो, आणि घरी यूएसबी-सी किंवा ब्लूटूथने साधा कीबोर्ड जोडता येतोच.