मंडळीत दोन गट, आणि एका गटात माझाच मुलगा

ताई, जय ख्रिस्त. परळच्या आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, मी सचिव. तरुण संघातल्या सात जणांना लहानपणी झालेला बाप्तिस्मा मान्य नाही, पाण्यात बुडून पुन्हा घेणार म्हणतात. उपासनेत त्यांना गिटार आणि टाळ्या हव्यात. वडीलधारे म्हणतात, यांचं प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधी) बंद करा, वार्षिक सभेत मतदान घ्या. पाळकसाहेबांची बदली झालीय, नवे ईस्टरनंतर येतील. सातांत माझा मुलगा आहे. मी कुणाची बाजू घेऊ?

– एक सचिव

सचिवबाई, जय ख्रिस्त.

मतदान घेऊ नका, एवढं आधी सांगते. हरलेला गट पुढच्या रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये वेगळी प्रार्थना सुरू करतो. माझ्या माहेरच्या मंडळीत पेटीशेजारी ड्रम ठेवण्यावरून दोन घरं दुरावली, ती इतकी की एका काकांच्या मातीलाही दुसरं घर आलं नाही. मला ते अजून सलतं.

गाण्यांचं सुटेल. महिन्यातला एक रविवार मुलांकडे द्या, आणि त्या दिवशी एक जुनं गीत त्यांनीच बसवायचं. कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं तेव्हा तेही नवंच होतं.

बाप्तिस्म्याचं मात्र खरं दुखणं आहे. त्याला पोरांचं खूळ म्हणू नका. स्वतः विश्वास ठेवून स्वतःच्या तोंडाने कबुली द्यावी, ही त्यांची ओढ प्रामाणिक आहे. आणि ज्या आजोबांनी नातवाला हातावर घेऊन वेदीपाशी नेलं, त्यांना ‘तो बाप्तिस्मा खरा नव्हता’ हे ऐकून काय वाटत असेल? दोन्हीकडे देवाबद्दलचीच आस्था आहे, म्हणून तर एवढं लागतंय.

तुमच्या सीएनआयच्या जन्माच्या वेळीही हा प्रश्न होताच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यांत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठेपणी, विश्वासानंतरच देणारे बाप्टिस्टही. बोलणी १९२९ पासून चालली होती. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. हा इतिहास समितीत मोठ्याने वाचा, आजोबांसमोर आणि मुलांसमोर, एकाच बैठकीत. आधी झालेला बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा का, हे समितीने ठरवू नये. तो प्रश्न पाळक आणि बिशपसाहेबांपुढे जाऊ द्या. ईस्टरपर्यंत थांबायची विनंती मुलांना करा, हुकूम नको.

प्रभुभोजनाबाबत ठाम राहा. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात पौल खाण्यापिण्यावरून भांडणाऱ्यांना सांगतो की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? मतभेद आहेत म्हणून कुणाला मेजावरून उठवायचं नाही, हे तुम्ही सचिव म्हणून समितीत बोला आणि इतिवृत्तात नोंदवा.

आता मुलाचं. तो सातांत आहे हे समितीला तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळलं तर तुमच्या शब्दाला किंमत उरणार नाही. बाजू घेऊ नका, पण मत लपवूही नका. घरी त्याला वचनं दाखवून हरवायला जाऊ नका. त्याला विचारा, ‘तुला नेमकं काय उणं वाटलं रे?’ आणि त्याचं बोलून होईपर्यंत ऐका.

मग या आठवड्यात त्याला घेऊन त्याच्या आजोबांकडे जा. बाप्तिस्म्यावरच्या वादाचा विषय काढू नका. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये कोण कोण होतं, बाळ रडलं होतं का, एवढंच त्यांना विचारा.