ताप आणि कानदुखी, क्लिनिक चालेल का?

प्रश्न: मुलगी ४ वर्षांची, रात्रीपासून १०२ ताप, कान दुखतोय, पण पाणी पितेय, मधेच खेळतेय. इमर्जन्सीत न्यावं का?

उत्तर: ताई, पितेय-खेळतेय तर क्लिनिक चालेल, पण आजच जा, उद्यावर ढकलू नका. क्लिनिकला फोन कराल तेव्हा नुसतं "ताप आहे" म्हणू नका हो, कधीपासून, किती, शू होतेय का, कोणतं औषध किती वाजता दिलं सगळं सांगा, म्हणजे घाई किती आहे ते त्यांना कळतं. वजनही सांगा, पॅरासिटामॉलचा डोस त्यावरच ठरतो. अॅस्पिरिन मात्र नकोच. श्वासाला त्रास, झटका, मान आखडणं, उठवूनही नीट जागी न होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. आणि ३ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ लासुद्धा थांबायचं नाही.