रुळांकाठचे आकडे: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

रेल्वेमार्ग हलवला किंवा बंद केला की किलोमीटरच्या आकड्यांचे काय होते, यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (नेरळ): नेरळजवळच्या विजेच्या खांबांवर ८६ हा आकडा आहे. आसनगावच्या मामेभावाने त्याच्याकडच्या खांबाचा फोटो पाठवला, तर त्यावरही ८६! हे कसे? आणि त्याखालचा छोटा आकडा शंभर-शंभर मीटर दाखवतो का?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. मोजणी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होते. कल्याणला मार्ग फुटतो. एक कसारा-इगतपुरीकडे जातो, दुसरा कर्जत-पुण्याकडे. दोन्हींवर कल्याणचाच आकडा पुढे चालू राहतो, त्यामुळे कल्याणनंतरचा प्रत्येक किलोमीटर दोनदा येतो. म्हणूनच रेल्वेच्या कागदावर नुसते ‘किमी ८६’ कधी लिहीत नाहीत. मार्गाचे किंवा दोन्हीकडच्या स्थानकांचे नाव सोबत असते. खांबाचा नंबर सांगून अपघाताची किंवा झाड पडल्याची खबर देणार असाल, तर तुम्हीही तसेच सांगा. नुसत्या आकड्यावर मदत चुकीच्या फाट्याला जाऊ शकते.

खालचा आकडा मात्र मीटर नाही. तो त्या किलोमीटरमधल्या खांबाचा अनुक्रमांक. दुहेरी मार्गावर एका बाजूच्या खांबांना विषम आणि दुसऱ्या बाजूच्या खांबांना सम क्रमांक देतात. सरळ रुळावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर ठेवता येते, म्हणजे एका बाजूला किलोमीटरमागे १४ तरी खांब लागतात. वळणावर तार रुळाच्या मध्याबाहेर जाऊ नये म्हणून खांब जवळ आणावे लागतात, आणि घाटात त्यांची संख्या बरीच वाढते. तेव्हा ८६/१४ म्हणजे ८६ किलोमीटर १४०० मीटर नव्हे आणि ८६.१४ तर नव्हेच.

प्रश्न (पुणे): एखादे वळण काढून मार्ग सरळ केला आणि अंतर कमी झाले, की पुढच्या सगळ्या खांबांवरचे आकडे बदलतात का?

नाही. बदलू गेले तर काय काय बदलावे लागेल ते बघा. बऱ्याच ठिकाणी पुलाचा क्रमांक किलोमीटरवरूनच येतो, ९६/२ म्हणजे त्या किलोमीटरमधला दुसरा पूल. पुलांच्या तपासणीच्या वह्या, फाटकांची नोंद, वेगमर्यादांची यादी, सिग्नलचे नकाशे, कीमन (रूळ तपासत चालणारा कामगार) आणि दुरुस्तीच्या गँगच्या हद्दी, जमिनीचे नकाशे, जुन्या अपघातांचे अहवाल, सगळे त्याच आकड्यांवर बसवलेले असते. साडेचारशे मीटर वाचले म्हणून पुढच्या शेकडो किलोमीटरच्या वह्या कोणी फाडत नाही. खांबावरचा आकडा पत्ता म्हणून जपला जातो. तोच मोजमाप म्हणून वापरला की घोळ होतो.

मग फरक कुठे मुरवतात? नवा तुकडा जुन्या मार्गाला जिथे परत मिळतो, त्या एका किलोमीटरमध्ये. समजा जुना मार्ग किमी ११८ च्या पुढे २०० मीटरवर सोडला आणि १२१ च्या पुढे ५०० मीटरवर परत गाठला. जुनी लांबी ३३०० मीटर झाली. नवा तुकडा २८५० मीटरचा निघाला. मुंबईकडून मोजत आलो तर जोडाच्या जागी आकडा येतो १२१ अधिक ५० मीटर, आणि जुन्या वहीत त्याच जागेचा आकडा आहे १२१ अधिक ५००. नकाशावर तिथे समीकरण लिहितात: १२१/०५० = १२१/५००. (इथे रेघेनंतरचा आकडा मीटरचा, खांबाचा नव्हे.) प्रत्यक्षात १२१ आणि १२२ च्या खांबांमध्ये ५५० मीटरच उरतात. हा आखूड किलोमीटर. घड्याळ लावून गाडीचा वेग काढणाऱ्यांना तो हमखास फसवतो. ताशी ६० च्या गाडीला तो ओलांडायला ३३ सेकंद लागतात आणि हिशेब १०९ चा वेग दाखवतो.

आखूड किलोमीटर त्रासदायक असला तरी धोक्याचा नाही, कारण मधले काही आकडे फक्त गायब होतात. धोका लांब किलोमीटरमध्ये आहे. तोच नवा तुकडा चढ सौम्य करण्यासाठी ३६२० मीटरचा केला असेल, तर मोजणी १२१/८२० पर्यंत जाते आणि जोडानंतर पुन्हा १२१/५०० पासून सुरू होते. म्हणजे ५०० ते ८२० हे आकडे एकाच मार्गावर दोनदा आले. ‘१२१/६०० ला रूळ तडकला’ असा निरोप आला तर नेमके जायचे कुठे? यावर साधा उपाय असा, की त्या किलोमीटरला १३२० मीटरचा लांब किलोमीटर जाहीर करायचे आणि त्यातल्या खांबांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग क्रमांक द्यायचे. एकही क्रमांक दुसऱ्यांदा येता कामा नये. वाढ किलोमीटरपेक्षा मोठी असेल तर १२१ नंतर १२१-अ घालतात. मध्ये नवा पूल आला की त्यालाही असेच अक्षर जोडतात.

जोडणीच्या दिवशीचा क्रमही सांगून ठेवतो. नवा भराव आणि रूळ आधीच शेजारी तयार असतात. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी घेतलेली असते. मग वाहतूक बंद ठेवून ब्लॉक घेतात, दोन्ही टोकांना जुना रूळ कापून नव्याला जोडतात, वरची तार सरकवतात आणि पहिल्या गाड्या अगदी कमी वेगाने सोडतात. खडी दाबून भराव बसत गेला की वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. या गडबडीत हटकून राहणारे काम म्हणजे जुने किलोमीटरचे दगड उपटणे. ते राहिले की सावधगिरीच्या हुकमात, म्हणजे कॉशन ऑर्डरमध्ये, दिलेला आकडा लोको पायलटला दोन ठिकाणी दिसू शकतो. दगड त्याच ब्लॉकमध्ये निघाले पाहिजेत, ‘उद्या काढू’ इथे चालत नाही.

मोठा तुकडा हलवल्याचे उदाहरण हवे असेल तर मुंबई-इटारसी मार्ग बघा. इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात हरसूद गाव गेले, तेव्हा तलवड्या ते खिरकिया यांमधला मार्ग उचलून बाजूने न्यावा लागला. अशा ठिकाणी जुने दगड काढण्याचे काम धरणाचे पाणीच करते.

प्रश्न (लोणावळा): बोरघाटात पूर्वी गाडी मागे-पुढे करून चढायची असे ऐकतो. ती जागा कुठली? खोपोलीचा फाटा त्याचाच उरलेला भाग का?

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. खोपोलीचा मार्ग घाटापेक्षा जुना. १८५६ साली पळसदरीहून खोपोलीपर्यंत रूळ गेले आणि तेव्हा तीच मुख्य वाट होती. खंडाळा-पुणे तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला, पण मुंबईच्या रुळांना तो जोडलेलाच नव्हता. खोपोलीला उतरून घाट पालखीने, तट्टावरून नाहीतर पायी चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायची. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला आणि खोपोली शेवटच्या स्थानकाची शाखेचे स्थानक झाली. मार्ग हलवल्याने गाव बाजूला पडते, तसे खोपोलीचे झाले नाही. शाखा टिकली आणि आजही लोकल जाते.

मागे-पुढे करण्याची जागा, म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन, मंकी हिल आणि खंडाळ्याच्या मध्ये होती, अमृतांजन पुलाच्या परिसरात. (तो पूलही एप्रिल २०२० मध्ये पाडला.) कड्याला वळसा घालायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला आंधळ्या, म्हणजे पुढे वाट नसलेल्या, रुळावर थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ सुरू व्हायचा. घाटाची मूळ लांबी १५ मैल ६८ साखळ्या आणि चढ १८३१ फूट, म्हणजे सरासरी ४६ ला १ (४६ फूट पुढे गेले की १ फूट चढ). सगळ्यात कडक चढ ३७ ला १. या पद्धतीची खरी अडचण इंजिन बदलण्यात जाणाऱ्या वेळापेक्षा गाडीच्या लांबीची होती. आंधळ्या रुळात मावेल तेवढीच गाडी नेता येई, मग इंजिन कितीही दमदार असो. १९२९ च्या सुमारास, विजेची इंजिने आली त्याच काळात, नवे बोगदे काढून हे स्थानक वगळले.

जुनी वर्णने वाचताना एक लक्षात ठेवा. मैलाच्या ८० साखळ्या आणि एक साखळी २०.११७ मीटर. १९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर मैलांचे किलोमीटर झाले. १९२९ पूर्वीच्या पुस्तकातला घाटातला मैल १.६०९ ने गुणून आजच्या खांबावर शोधायला जाल तर तो सापडणार नाही, कारण मधला मार्गच वेगळा आहे. स्थानक धरून मोजा.

प्रश्न (ठाणे): अंतर घटले तर तिकीट स्वस्त व्हायला नको का?

भाडे खांबांवरून ठरत नाही, वाणिज्य विभागाच्या अंतरतक्त्यावरून ठरते, आणि तो तक्ता स्वतंत्रपणे सुधारला जातो. शे-दोनशे मीटरचा फरक भाड्याच्या टप्प्यात दिसतही नाही. ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये १९१६ चा पारसिक बोगदा आणि मुंब्र्याची खाडीकाठची जुनी वाट, अशा दोन लांबींच्या वाटा आहेत. प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. उलट्या बाजूचे उदाहरण कोकण रेल्वेचे. बांधणीचा खर्च भरून यावा म्हणून तिथे प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरले गेले. मुंबई-मडगाव प्रत्यक्षात ५८० किलोमीटरच्या आसपास, पण भाड्याचा हिशेब साडेसातशेच्या पुढे जातो. रुळाकाठचे आकडे मात्र रोह्यापासून खरेच मोजलेले आहेत. रत्नागिरी तिथे २०३ च्या आसपास येते.

प्रश्न (बार्शी तालुका): शेताच्या बांधाला जुन्या नॅरोगेजचा भराव आहे. ब्रॉडगेज त्याच वाटेने का नेली नाही? आणि हा भराव आता सपाट करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वळणांत आहे. बार्शी लाइटचा, म्हणजे त्या जुन्या छोट्या रेल्वेचा, गेज (दोन रुळांमधले अंतर) ७६२ मिलिमीटरचा. अशा रुळाला ४४ मीटर त्रिज्येचे वळणही चालते. ब्रॉडगेजला कमीत कमी १७५ मीटर लागतात आणि वेगाने जायचे तर त्याच्या कितीतरी पट. ओढ्याला वळसा घालत, चढ चुकवत गेलेली छोटी वाट मोठ्या गाडीला उपयोगाची नसते. शिवाय इथे मार्ग मुद्दाम धाराशिव शहराकडे वळवला. जुनी गाडी त्या शहराला टाळून येडशीवरून जात असे. म्हणजे रुंदीकरण करूनही वाट लांबली, आणि लोकांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. लातूरचे स्थानकही त्यात शहराबाहेर सरकले.

दुसऱ्याचे उत्तर: परस्पर करू नका. गाडी बंद झाली म्हणून जमीन आपोआप शेजाऱ्याची होत नाही. आधी सातबारा आणि गावनकाशा काढा. रेल्वेची पट्टी बहुतेक वेळा वेगळा लांबट गट म्हणून दिसते. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्द कायम करून घ्या आणि रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला लेखी विचारा. भरावाखालच्या दगडी मोऱ्यांना तर हात लावूच नका. शंभर वर्षे वरचे पाणी त्यांतूनच निघते आहे. भराव ठेवून मोरी बुजवली की पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या अंगाची शेते तुंबतात, आणि मोरीसकट भराव काढला तर खालच्या शेतात घळ पडते.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): आमच्या भागातल्या लॅकवाना कट-ऑफचे रूळ काढून टाकले आहेत. अशा मार्गाच्या कागदपत्रांत ‘अमुक माइलपोस्ट (मैलाचा खांब) ते तमुक’ असे लिहिलेले दिसते. त्यावरून लांबी काढावी का?

वजाबाकी करून अंदाज येतो, लांबी नाही. तिथेही आखूड-लांब मैल आणि समीकरणे आहेतच. तुमचा मार्ग तर स्वतःच एक सरळीकरण आहे. १९११ मध्ये सुरू झालेल्या सुमारे साडेअठ्ठावीस मैलांच्या या वाटेने जुन्या वाकड्या मार्गाचे ११ मैल वाचवले. त्यासाठी प्रचंड भराव घातले आणि पॉलिन्सकिल नदीवर काँक्रीटचा उंच पूल बांधला. १९८४ मध्ये रूळ निघाले आणि पुढे जमीन राज्याने घेतली.

अमेरिकेत मार्ग बंद करायला संघीय मंडळाची परवानगी लागते आणि अर्जात हद्द माइलपोस्टनेच देतात. मधला तुकडा बंद झाला तरी उरलेल्या टोकांचे आकडे तसेच ठेवतात, म्हणून शून्य नसलेला, थेट सत्तेचाळिसाव्या मैलापासून सुरू होणारा फाटा तिथे नवलाचा नाही. रूळ काढूनही मार्गिका पुढच्या काळासाठी राखायची सोय १९८३ च्या कायद्याने झाली, आणि सायकलच्या बऱ्याच वाटा त्यातून निघाल्या. नेमकी लांबी हवी असेल तर १९१३ च्या मूल्यमापन कायद्यानंतर काढलेले नकाशे शोधा. त्यांत दर १०० फुटांना एक अशी सलग मोजणी आहे आणि समीकरणेही त्या-त्या जागी लिहिलेली असतात. ती जमेस धरूनच बेरीज करा.