घरातच थांबा असं का सांगितलं?

प्रश्न : लेकीकडे लंडनला गेले होते, तिथे नॉर्थ केन्सिंग्टनमधे भिंतीवर हिरवे बदाम (हृदयाच्या आकाराचे), फोटो, वाळलेली फुलं बघितली, ग्रेनफेल टॉवरच्या लोकांसाठी. आग लागली तरी त्यांना घरातच थांबा म्हणे सांगितलं, असं का हो?

उत्तर : ताई, वाचून गलबललंच. कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, 24 मजली बिल्डिंग अन् जिना एकच. 14 जून 2017, रात्री एकच्या आसपास चौथ्या मजल्यावर एका किचनमधे फ्रीज पेटला. काँक्रीटच्या टॉवरमधे आग एका फ्लॅटपुरती राहते असं धरून 'घरातच थांबा' हा नियम असतो, पण 2016 मधे बाहेरून बसवलेल्या पॅनलमधे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधे प्लॅस्टिक होतं, ते वितळून ठिबकत पेटत गेलं आणि अर्ध्या तासाच्या आत आग वरपर्यंत पोचली, तरी अग्निशमन दलाचं 'थांबा' हे पावणेतीनपर्यंत चालूच, तोवर जिन्यात काळाकुट्ट धूर. 72 माणसं गेली हो, त्यात 18 लेकरं. एकही मृत्यू अटळ नव्हता, 2024 मधे अहवाल मांडताना चौकशीच्या अध्यक्षांनीच सांगितलं. रहिवासी आधीपासून तक्रारी करत होते, कुणी ऐकलं नाही, मला तेच जास्त लागतं. रमझान होता, जागे होते त्यांनी शेजाऱ्यांची दारं बडवून लोकांना उठवलं.