एसयूव्हीचं अ‍ॅव्हरेज? आधी हवा बघ
नव्या एसयूव्हीबद्दल अभिनंदन भावा! अ‍ॅव्हरेजचं टेन्शन आहे ना, मग पहिले टायरची हवा बघ, बाकी सगळं नंतर.

ड्रायव्हरचं दार उघड, चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचाच हवेच्या दाबाचा आकडा धर, टायरवर छापलेला मॅक्सचा आकडा भरू नकोस, नवीन लोक हमखास इथेच चुकतात.

चेक सकाळी, टायर थंड असताना. हायवेवरून थेट पंपावर गेलास की ३-४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दिसतं आणि तिथला पोरगा हवा काढून मोकळा होतो, मी वर्षभर तसाच कमी हवेवर फिरलो आणि टायरच्या दोन्ही कडा झिजल्या तेव्हा कळलं. हवा मोजायचा स्वतःचा गेज घेच.

चारही टायरमध्ये ५ पीएसआय कमी म्हणजे साधारण टक्काभर मायलेज गेलं. महिन्यातून एकदा बघ, स्टेपनीसकट. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणं वगैरे आत्ता सोड.